ताप गेला, खूण राहिली

शरद ऋतूला आपल्याकडे वैद्यांची आई म्हणतात. आई जशी लेकरांना पोसते, तसा हा ऋतू वैद्यांना पोसतो. 'शंभर शरद पाहा' असा आशीर्वाद आपले पूर्वज देत, तोही उगाच नव्हे. पावसाळा सरला, भाते पिवळी पडली, आकाश निवळले आणि घराघरांत हुडहुडी भरून माणसे आडवी झाली, हे चित्र त्यांना चांगले ठाऊक होते. ज्याने शरद पार केला त्याने वर्ष पार केले, असा तो हिशेब होता.

आमचा पालघरचा मुलूख या हिशेबात फार जुना आहे. एका बाजूला समुद्र, खाड्या आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि मधे भातखाचरांची चिंचोळी पट्टी. पाणी जेथे थबकेल तेथे डास, आणि डास तेथे हींव. दिवाळीच्या सुमारास शाळेचा हजेरीपट उघडला की गैरहजेरीच्या खुणांवरून कोणत्या पाड्यावर ताप शिरला आहे ते सांगता येते. मी हा हजेरीपट वीसएक वर्षे भरतो आहे. विज्ञानाचे माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. परंतु तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजाराने मला एक प्रश्न घातला, आणि त्याच्या उत्तरामागे जाता जाता मी दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात शिरलो. तोच इतिहास या दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे.

मुलगी सातवीतली. घर बोईसरच्या पूर्वेला एका पाड्यावर. बाप तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे रोजावर कामाला. गणपती गेले आणि पोरीला थंडी वाजून ताप आला. पाड्यावरच्या आशाताईंनी बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटली. 'फाल्सिपेरम', म्हणजे हिवतापातली घातकी जात. तीन दिवसांच्या गोळ्या झाल्या, ताप उतरला, पोर शाळेत आली. येथवर सारे ठीक.

त्यानंतर सुमारे अडीच आठवड्यांनी तिला पुन्हा ताप भरला. या वेळी खोकलाही होता. बापाने तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे पुन्हा पट्टी केली. पुन्हा रेघ! "मलेरिया अंगातून गेलेलाच नाही, पहिल्या गोळ्या फुकट गेल्या," असे सांगून त्यांनी महागाची इंजेक्शने सुरू केली. बापाने ठेकेदाराकडून उचल घेतली. दोन दिवस गेले, ताप हटेना आणि पोरीला धाप लागू लागली. तेव्हा तो संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, आशाताईनं खोट्या गोळ्या दिल्या काय?" त्याने विचारले. "रेघ तर अजून येतेय."

हा तो प्रश्न. रेघ अजून येते, मग ताप गेला कसा म्हणायचा?

उत्तराकडे जाण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. ताप अंगात आहे की येऊन गेला, हे ओळखण्याची धडपड माणूस फार जुन्या काळापासून करतो आहे. आपल्या आयुर्वेदाने विषमज्वराचे प्रकार पाडले ते तापाच्या पाळीवरून. एक दिवस सोडून येतो तो तृतीयक, दोन दिवस सोडून येतो तो चतुर्थक. खेड्यातली म्हातारी माणसे आजही एकांतरा ताप म्हणतात, ती याच गणिताने. पण ही झाली ताप अंगात असतानाची ओळख. येऊन गेलेला ताप कसा ओळखावा? त्यालाही जुन्या लोकांजवळ खूण होती: पाणथरी. डाव्या बरगडीखाली हात घातला आणि पाणथरी हाताला लागली, तर या पोराने पुष्कळ हींव सोसले आहे, असे समजत.

हीच खूण पुढे शास्त्राने उचलली. दिल्ली-यमुनेकडच्या कालव्यांमुळे ताप वाढतो की काय, याची चौकशी करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १८४७ सालचा. तीत डेम्पस्टर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी गावोगाव लोकांची पोटे चाचपून पाणथरी कितींची वाढली आहे ते मोजले, आणि त्यावरून कोणते गाव तापाचे आणि कोणते निरोगी ते ठरवले. तोवर हिवतापाचा जंतू कोणी पाहिलेलाही नव्हता. लोक दूषित हवेला दोष देत. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. चोर दिसला नव्हता, पण त्याच्या पावलांचे ठसे मात्र मोजता येऊ लागले होते. पाणथरीची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

चोर दिसला तो १८८० साली. आल्जिरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरी लष्करी इस्पितळात लाव्हरां नावाच्या फ्रेंच डॉक्टराने ६ नोव्हेंबर रोजी एका तापकरी शिपायाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात वळवळणारे जिवंत जंतू पाहिले. पुढचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे: रोनाल्ड रॉस. जन्म अलमोड्याचा, नोकरी हिंदुस्थानी लष्करातल्या डॉक्टरची. सिकंदराबादेत त्याने हुसेनखान नावाच्या रोग्याला डास चावू दिले. चावलेल्या दर डासामागे एक आणा. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला जंतूची वाढ दिसली. पुढल्या वर्षी कलकत्त्यात त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून डासाच्या चाव्यातून रोग कसा पसरतो ते साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत दाखवले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉसला मिळाले आणि १९०७ चे लाव्हरांला.

म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी चोर कळला, त्याची वाट कळली. आता त्याला गाठायचे. मुंबईत बेंटली या डॉक्टरांनी चौकशी केली. शहरातल्या हिवतापाचे डास मुख्यतः उघड्या विहिरींत वाढतात, असे त्यांचा १९११ चा अहवाल सांगतो. मग विहिरी झाकण्याचे हुकूम सुटले. विहिरीच्या पाण्यावर सूर्याचे किरण पडले पाहिजेत, अशी ज्यांची धर्मश्रद्धा होती, त्या पारशी मंडळींनी हरकत घेतली आणि वाद बराच काळ चालला. डासाच्या एका अळीपायी धर्म, नगरपालिका आणि वैद्यक एकमेकांसमोर उभे राहिले!

इकडे खेड्यांत माणसांच्या हाती होते ते कोयनेल. सिंकोना झाडाच्या सालीतले हे द्रव्य १८२० साली फ्रान्समध्ये वेगळे काढण्यात आले. पुढे इंग्रज सरकारने त्याच्या स्वस्त पुड्या टपालकचेऱ्यांतून विकल्या. कडूपणाची उपमा आजही आपण कोयनेलाची देतो, यावरून ते किती घरांत पोचले होते ते कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि यश पाहून १९५८ साली 'नियंत्रण' हा शब्द काढून 'निर्मूलन' हा शब्द घातला गेला. माझी आजी सांगे, फवारणीवाले येत आणि सारवलेल्या भिंती पांढुरक्या करून जात. जाताना भिंतीवर तारीख लिहीत. भिंत बिघडली म्हणून ती त्यांच्यावर चिडे, पण त्या वर्षी घरात कोणी थंडीने कुडकुडले नाही, हेही तीच सांगे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दर साल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख त्याने मरत, असा अंदाज होता. १९६५ साली ही रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. लोकांना वाटले, संपला. पण डास डीडीटीला निर्ढावले, जंतू औषधाला निर्ढावला आणि माणसे विजयाच्या भरात सुस्तावली. १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांच्या वर गेले. शत्रू गेला म्हणून पहारा उठवला की काय होते, हे त्या आकड्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

याच वर्षांत आमचा मुलूखही बदलत होता. तारापूरला अणुवीज केंद्र उभे राहिले आणि १९६९ च्या ऑक्टोबरात त्याची वीज रीतसर सुरू झाली. बोईसरला कारखाने आले. कारखान्यांबरोबर बांधकामे, खड्डे, पाण्याची पिंपे आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेली माणसे आली. माणसाबरोबर त्याच्या रक्तातला जंतूही आगगाडीने प्रवास करतो, त्याला तिकीट लागत नाही. २०१४ साली १ ऑगस्टला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्यात एका टोकाला अणुभट्टी आणि दुसऱ्या टोकाला रस्ता नसलेला पाडा. त्या पाड्यावर ताप आला तर रक्ताची काच प्रयोगशाळेत कधी पोचणार आणि उत्तर कधी यायचे?

काच तपासणे ही उत्तम कसोटी, यात शंका नाही. ती स्वस्तात रंगवण्याची रीतही आपल्याच देशात निघाली. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोघांनी १९४४ साली तयार केलेला रंग 'जे. एस. बी.' या नावाने आजही सरकारी प्रयोगशाळांत वापरतात. परंतु काचेला सूक्ष्मदर्शक हवा, सरावलेला डोळा हवा आणि वेळ हवा. फाल्सिपेरमच्या रोग्याजवळ वेळ थोडा असतो. ताप मेंदूत गेला की दिवसाचे काम तासांवर येते.

ही अडचण सोडवणारी पट्टी कोठून आली, त्याची कथाही पक्ष्यापासूनच सुरू होते. १९७४ साली अमेरिकेत किलेजियन नावाच्या संशोधिकेने बदकांच्या हिवतापाच्या जंतूत एक विलक्षण प्रथिन असल्याचे दाखवले. प्रथिने ही वीस प्रकारच्या मण्यांच्या माळा असतात. या माळेत 'हिस्टिडीन' नावाचा मणी प्रमाणाबाहेर भरलेला होता. पुढे १९८० नंतरच्या दशकात माणसाच्या फाल्सिपेरम जंतूतही अशी प्रथिने सापडली. त्यांतले दुसऱ्या क्रमांकाचे जंतू नुसते बनवतो असे नव्हे, तर ज्या तांबड्या पेशीत तो घर करतो तिच्याबाहेर, रक्ताच्या प्रवाहात, ते सोडून देतो. आता चोराचा वास हवेत दरवळू लागला तर घर न फोडताही तो ओळखता येईल! पट्टीवर या प्रथिनाला धरून ठेवणारी द्रव्ये लावली, त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवले (सोने इतके बारीक केले की ते तांबडे दिसते) आणि रक्ताचा थेंब सोडला. प्रथिन असेल तर ते कण एका जागी अडकून लाल रेघ होते. १९९० नंतर अशा पट्ट्या वापरात येऊ लागल्या. आपल्याकडे २००५ साली आशा कार्यकर्त्यांची योजना आली आणि २०१३ पासून फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या दोन्ही जाती दाखवणारी पट्टी देशभर लागू झाली. पाड्यावरच्या बाईच्या हाती जणू प्रयोगशाळाच आली. या पट्टीने किती पोरे वाचवली असतील, त्याची गणती करता येणार नाही. तिला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

मग घोटाळा कोठे होतो?

त्या संध्याकाळी मी बापाला आणि मुलीला रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. तेथल्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी पट्टी केली नाही. काच केली, रंगवली आणि बराच वेळ डोळा लावून बसले. मग मान वर करून म्हणाले, "गुरुजी, रेघ आली असेल, पण किडा नाही."

मी म्हटले, "म्हणजे पट्टी खोटी?"

"खोटी नाही हो. पट्टी खरंच सांगते. पण ती किडा बघतच नाही, किड्यानं टाकलेलं प्रथिन बघते. किडा मेला तरी ते रक्तात राहतं. दोन आठवडे, तीन आठवडे, कधी महिन्याच्याही वर. ताप जोराचा असेल तर जास्तच."

घरी परतताना मला तारापूरचा किल्ला आठवला. दर वर्षी मी मुलांना तो दाखवायला नेतो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून लढून घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पण त्यांचे तट आजही उभे आहेत. आता कोणी परका मनुष्य समुद्रातून दुर्बिणीने ते तट पाहील आणि 'तारापुरात अजून पोर्तुगीज आहेत' म्हणून तोफा डागील, तर त्याला काय म्हणावे? तटाने खोटे सांगितले नाही. त्याने पाहणाराच घाईत होता.

पुढे वाचताना याहून मौजेची गोष्ट कळली. फाल्सिपेरमवर हल्ली जे औषध देतात, त्याचा मूळ अर्क एका चिनी वनस्पतीतला. तो शोधणाऱ्या तू यूयू या बाईंना २०१५ साली नोबेल मिळाले. हे औषध जंतूला तांबड्या पेशीच्या आतच, कोवळ्या वयात मारते. मग ती पेशी रक्ताबरोबर फिरत पाणथरीत येते. पाणथरीत फार अरुंद फटी असतात. पेशी त्यांतून पिळून निघताना मेलेला जंतू मागे राहतो आणि पेशी मात्र, फळातला किडका भाग कापून टाकावा तशी साफ होऊन, पुन्हा रक्तात येते. सुगरण जशी दाणे पाखडते तशी पाणथरी रक्त पाखडते. पण त्या वाचलेल्या पेशीच्या कातडीला जंतूचे प्रथिन चिकटून राहिलेले असते. म्हणजे रेघ उमटवणाऱ्या खुणेचा पुष्कळ भाग असा, बऱ्या झालेल्या पेशींवर मिरवत फिरत असतो. २०१७ च्या सुमारास संशोधकांनी हे दाखवून दिले. डेम्पस्टरने १८४७ साली जी पाणथरी चाचपून गेलेल्या तापाचा ठसा मोजला, तीच पाणथरी आज पट्टीवर गेलेल्या तापाची रेघ काढते आहे! पोटातला ठसा रक्तात आला, एवढाच फरक.

पट्टीवरच्या दुसऱ्या रेघेची गोष्ट निराळी. ती जंतूच्या एका पाचकद्रव्यासारख्या प्रथिनाला ओळखते. ते जिवंत जंतूच बनवतो आणि तो मेला की काही दिवसांत ओसरते. म्हणून जाणते लोक दोन्ही रेघा पाहून विचार करतात. तरीही उपचारानंतर 'गेला की नाही' हे पाहायचे तर पट्टी नव्हे, काच, हाच नियम आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नाहीतर 'रेघ राहतेच, काळजी नको' असा उलटा अर्थ कोणी घेईल. रेघ ही जुनी खूण असू शकते, तशीच ती नव्या डासाने दिलेल्या नव्या रोगाचीही असू शकते, आणि औषध पुरे न पडल्याचीही. शिवाय व्हायव्हॅक्स जातीचा जंतू तर यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी खरोखरच उठतो. त्यासाठी वेगळ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस घ्याव्या लागतात, मधे सोडून चालत नाही. म्हणून पुन्हा ताप आला की घरी बसून तर्क करू नये. तपासणाऱ्याला आधी एवढे सांगावे: ताप पूर्वी केव्हा आला होता, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि किती दिवस झाले. एवढ्या एका वाक्याने रेघेचा अर्थ बदलतो. आमच्या मुलीच्या बाबतीत ते वाक्य कोणी विचारले नाही, आणि बापाला ते सांगायचे असते हे माहीत नव्हते.

कारण त्या रात्री डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली तेव्हा कळले: ताप हिवतापाचा नव्हताच, फुप्फुसे सुजली होती. निमोनिया. गेलेल्या शत्रूवर दोन दिवस बाण चालले होते आणि नवा शत्रू मागल्या दाराने आत येऊन बसला होता. "आणखी दोन दिवस गेले असते तर..." एवढे म्हणून डॉक्टर थांबले. बापाने ते वाक्य पुरे करायला सांगितले नाही.

मुलगी वाचली. आठ दिवस रुग्णालयात राहिली. धनत्रयोदशीच्या दिवशी बाप तिला घरी घेऊन गेला. जाताना तो मला म्हणाला, "गुरुजी, आशाताईला बोललो ते चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी नवीन तांदळाचे पोहे घेऊन तो ताईंच्या घरी जाऊन आला, असे मागाहून कळले. ठेकेदाराची उचल फिटायला मात्र होळी उजाडली.

भारताने २०३० पर्यंत हिवताप हटवायचे ठरवले आहे. तसे व्हावे, ही या दिवाळीची माझी प्रार्थना आहे. परंतु रोगी जसजसे थोडे होत जातील, तसतसे प्रत्येक रेघेला महत्त्व येईल, आणि प्रत्येक रेघ कोणाची, जिवंत किड्याची की नुसत्या आठवणीची, हे विचारावेच लागेल. इतिहास शिकवताना मी मुलांना हेच सांगतो, की खूण दिसली म्हणून माणूस तेथे आहे असे समजू नये आणि माणूस दिसत नाही म्हणून खूण पुसू नये. दोन्ही नीट पाहावे.

ती मुलगी आता दहावीला आहे. मोठेपणी प्रयोगशाळेत काम करायचे म्हणते. "काच बघणार," असे तिचे शब्द. ती या साली दिवाळीला आमच्या घरी फराळाला येणार आहे.